हिरवी तर्री

अकरा वर्षं भरीत मी करत आले आणि शाबासकी टोपीवाला घेत आला.

लग्नाच्या मांडवात एक कनात असते, कापडाची आडभिंत. कनातीच्या पुढं पाहुणे, दिवे, काउंटर, मागं आम्ही. आम्ही म्हणजे मी, माझी मोठी जाऊ, जिला धुळ्यातली आमची अख्खी गल्ली अक्का म्हणते, आणि पिंपळनेरकडच्या दोघी बहिणी. या दोघींसारखी कळण्याची भाकरी मी दुसऱ्या कुणाच्या हातची पाहिली नाही. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ असतं ते, नवख्याच्या हातात फाटतं. मी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचे आणि अक्का ती बडगीत ठेचायची. बडगी म्हणजे भरीत ठेचायचं आमचं लाकडी भांडं, मुसळीही लाकडाचीच. भरीत तयार झालं की तांब्याच्या पातेल्यातून पुढं जायचं, आणि तिथं उंच पांढरी टोपी घातलेला एक गृहस्थ ते वाढायचा. एकदा मी पाण्याची कळशी घ्यायला पुढं गेले तेव्हा तो एका पाहुण्याला सांगत होता, "ही आमची खास रेसिपी आहे." मी जागच्या जागी थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, मागं व्हा, धुराचा वास येतो. वास माझ्या लुगड्याला येत होता.

माझ्या नाकावर राग असतो असं माझी आई म्हणायची. खरं आहे. पण कामाच्या जागी राग गिळावा लागतो, आणि गिळलेला राग पचत नाही, तो साठतो. माझा अकरा वर्षांचा साठला होता.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर जळगावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. घर मारवाडी जैन. चार पिढ्यांमागं राजस्थानातून आलेले, बाहेर मराठी, घरात मारवाडी. माघात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मी आणि अक्का एसटीनं गेलो. घरमालकांनी, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, बसायला दिलं, चहा दिला, आणि मग अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, तुमच्या भरताचं नाव फार ऐकलं आहे. पण आमच्याकडे वांगं चालत नाही, बहुबीज, फार बियांचं. लसूण तर नाहीच. तेव्हा भरीत नको. भाकरी मात्र तुमचीच. मागं चूल लावून देतो."

म्हणजे आता भरीतही नाही, नुसती भाकरी. मागून आणखी मागं.

"मग पुढं काय ठेवणार?" मी विचारलं.

"मुलीला थाई काउंटर हवं आहे. मैत्रिणींबरोबर जाऊन आली तिकडं, तेव्हापासून तेच. पण नाशिकचा केटरर म्हणतो, लसूण, कांदा, आलं, कोथिंबिरीची मुळं, मासळी, हे सगळं काढलं तर थाईत राहतं काय? तो पास्ता करतो म्हणतो. मुलगी रुसून बसली आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. "थाई मी करते," मी म्हणाले.

अक्कानं माझ्या मांडीला चिमटा घेतला. थायलंड नकाशावर कुठं आहे हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आतल्या दारात उभ्या असलेल्या मुलीनं तो ऐकला होता. भाऊंनी मुलीकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "पौष लागायच्या आत एकदा करून दाखवा. माझ्या आईला चाललं तर पुढचं काउंटर तुमचं. नाही चाललं तर पास्ता, आणि तुमची भाकरी आहेच." त्यांची आई, घरातले सगळे जिला माजीसा म्हणतात, बाजूला माळ ओढत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

बसमध्ये एरंडोल आलं तशी अक्कानं मला कोपरानं ढोसलं. मग म्हणाली, "तुले थाई येस?"

"नाही."

"मंग?"

"शिकेन."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "थायलंडचा रस्ता पारोळ्यावरून आहे का अमळनेरवरून?" मी त्याला त्या दिवशी फोडणी नसलेलं वरण वाढलं.

शिकायचं कुणाकडून? धुळ्यात हायवेच्या एका हॉटेलात थाई मिळतं असं कळलं. जाऊन खाल्लं. ती साखर घातलेली पालकाची भाजी होती. मग मोबाइल उघडला. तिथं शहरातले दोन-तीन आचारी होते, झकपक बोलणारे, आणि एक म्हातारी थाई बाई होती. ही बाई बोलतच नसे. कुणीतरी तिच्या स्वयंपाकघरात मोबाइल उभा करून ठेवला होता आणि ती आपली जमिनीवर बसून दगडी खलात मसाला कुटत असायची. माझ्यासारखीच मांडी घालून, माझ्यासारखाच एक हात खलाच्या तोंडावर, उडू नये म्हणून. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. मी तिचे हात बघायचे. आधी धने, जिरं, मिरी असं कोरडं, मिठाच्या खड्यांबरोबर. मग चिवट दांडे-मुळ्या, मग मिरच्या, आणि ओलं सगळ्यात शेवटी. पहिलं पुरतं मोडल्याशिवाय दुसरं घालायची नाही. तिची घाई नसणं मला आवडलं. ऐकायचं मात्र मी बोलणाऱ्यांचंच ऐकलं, हे पुढं येईल.

पहिल्या दिवशी मी जी हिरवी करी केली ती काळी झाली. यात नवल काही नाही. आमचा खानदेशी हात आहे, तो आधी विस्तवाकडे जातो. खोबरं दिसलं की भाजायचं, मिरची दिसली की भाजायची, आणि काळी होईस्तोवर भाजायची, तरच आमचा मसाला. मी सुक्या खोबऱ्याची वाटी जाळावर धरली, गवती चहासुद्धा तव्यावर परतला, आणि वाटून भगोन्यात घातलं.

अक्का डोकावून म्हणाली, "हाई काय शे वं?"

"हिरवी करी."

"हिरवी? बठ्ठी काळी व्हई गयी." बठ्ठी म्हणजे सगळी.

तेव्हा पहिला धडा कळला. त्यांचा हिरवा मसाला कच्चा असतो. धने-जिरं तेवढं हलकं परतायचं, बाकी कशालाही विस्तव दाखवायचा नाही. सगळा जोर कुटण्यात. दुसरा धडा नारळाचा. आमच्या घरात ओला नारळ ओटीपुरता नाही तर देवापुरता यायचा, भाजीला नेहमी सुकं खोबरं. आता मी देवळाजवळच्या दुकानातून नारळ आणू लागले. दुकानदार दर दोन दिवसांनी नवस कसला विचारायचा. खोवायचं, कोमट पाणी घालून पिळायचं, पहिलं घट्ट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं.

मग सामान. इथं मला जे सापडत गेलं त्यानं माझी झोप नाही, पण भूक उडाली. गवती चहा माझ्या परसात होताच. आम्ही पात चहात टाकतो आणि बुडखा फेकतो. त्या बायका बुडखा घेतात आणि पात फेकतात. इतकी वर्षं मी त्यांचा मसाला उकिरड्यावर टाकत होते. जमिनीच्या वरचा पांढरट दांडा कापून बारीक कुटला की लिंबासारखा वास सुटतो, पण त्यात आंबटपणा नसतो. त्यांच्या करीत एक तुळस असते, बडीशेप आणि लवंगेच्या मधल्या वासाची. घरची तुळस तोडायला अक्कानं हात लावू दिला नाही आणि मीही हट्ट केला नाही. पण फालुद्यात घालतात तो सब्जा, त्याचं बी एका डब्यात पेरलं. महिन्याभरात रोप वीतभर झालं, पान चुरगाळलं आणि मी अंगणातच बसले. तोच वास असणार, कारण मोबाइलमधला एक आचारी पान हुंगून जसा चेहरा करत होता तसाच माझा झाला होता. त्यांच्याकडच्या खास लिंबाचं जोडपान काही मिळालं नाही. परसातल्या लिंबाची कोवळी पानं मधली शीर काढून घातली. ते तेच आहे असं मी म्हणणार नाही, पण भागलं.

खरी अडचण त्यांच्या आल्याची होती. थाई लोक आपलं आलं नाही, आल्याचा एक वेगळा भाऊबंद वापरतात, औषधी वासाचा. तो ओला मिळाला असता तरी जैनांना कंद म्हणून चालला नसता. मी चित्र घेऊन धुळ्याच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दुकानदारानं चष्मा वर केला, चित्र बघितलं आणि म्हणाला, "हे तर कुलिंजन. गाणारे लोक चघळतात, घशासाठी." आणि मागच्या बरणीतून वाळलेल्या तांबूस चकत्या काढून दिल्या. मी विचार केला, जैनांना ओलं आलं चालत नाही पण सुंठ चालते, ओली हळद चालत नाही पण हळदीची पूड चालते. मग वाळलेलं कुलिंजन का चालू नये? पण हे मी ठरवून उपयोग नव्हता. ते माजीसानं ठरवायचं होतं.

लसणाच्या जागी हिंग घालून पाहिला, तर करी थायलंडहून निघून थेट वरणात पोचली. काढून टाकला. मासळी मुरवून गाळलेलं खारं पाणी ते मिठासारखं वापरतात, त्याच्या जागी टोमॅटोचं पाणी मिठाबरोबर दाट होईस्तोवर आटवलं. वांग्यांच्या जागी यावलची कच्ची केळी आणि कोवळी गिलकी, म्हणजे घोसाळी. केळी आमच्याच जिल्ह्यांतली, त्यांच्यासाठी मला कुणाला विचारावं लागलं नाही.

पण सामान म्हणजे चव नव्हे. आमच्या रश्श्यात तिखट हा पाटील असतो आणि बाकीचे त्याच्या मागं चालतात. थाईत तसं नाही. आंबट, गोड, खारट, तिखट हे चौघं एका ओळीत बसतात आणि कुणाचंही पान आधी वाढायचं नाही. हे मला करीपेक्षा पपईनं शिकवलं. कच्च्या पपईची कोशिंबीर करतात ते. पपई लांब किसायची, आणि मिरची, गूळ, चिंच, लिंबू, मीठ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, भाजलेले शेंगदाणे हे सगळं ठेचून त्यात मिसळायचं. ठेचायचं लाकडी मुसळीनं. त्या म्हातारीकडे लाकडी मुसळी बघितली आणि मी उठून बडगी घेऊन आले.

पहिल्यांदा अक्कानं मुसळी धरली आणि पपईचं भरीत केलं. "अक्का, ठेचायचं नाही, नुसतं खरचटायचं," मी म्हणाले. तिला ते पटेना. एक घास खाऊन ती म्हणाली, "आंबट शे का गोड शे? काय ते एक ठराव ना."

"दोन्ही आहे."

तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. वाटी संपेपर्यंत तिचं ठरलं नाही, आणि तिनं पुन्हा वाटी पुढं केली. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की हे जमणार.

पौषाच्या आधी चार दिवस आम्ही जळगावला गेलो. नारळ, कुटलेला मसाला, सब्जाची रोपं डब्यासकट, बडगी, सगळं घेऊन. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात, म्हणून तीन वाजताच चूल पेटवायची होती. माजीसानं निरोप पाठवला, जे ठेचायचं ते माझ्यासमोर बसून ठेच. म्हणून मी बडगी घेऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि स्वयंपाकघर अक्कावर सोपवलं.

सोपवताना मी तिला तीनदा बजावलं होतं. पातळ दूध आधी, त्यात मसाला, केळी शिजली की घट्ट दूध, एक उकळी, लगेच उतरवा. शहरातले आचारी एकमुखानं सांगत होते की नारळाचं दूध फुटलं की करी गेली. "फुटू देऊ नका," मी म्हणाले, "माझी अब्रू आहे त्यात."

"बरं," अक्का म्हणाली.

बाहेर माजीसा पाटावर बसली होती. ऐंशीच्या पुढची, बारीक, डोळे मात्र सुईसारखे. तिनं एकेक वाटी जवळ ओढून वास घेतला. मग म्हणाली, "बाई, यात जमिनीखालचं काय काय आहे, खरं सांग."

मला खोटं बोलता आलं असतं. मसाला तर कुटून झाला होता, त्यात काय आहे हे कुणाला दिसणार होतं? पण पदरात बांधून आणलेली कुलिंजनाची एक चकती मी काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. "शेंगदाणे सोडले तर हे एक आहे, माजीसा. मुळी आहे, पण वाळलेली. सुंठीसारखी. तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता हे सगळं उचलून धुळ्याला जाते."

तिनं चकती उचलली, दातांखाली धरली आणि डोळे मिटले. मुलगी दारात उभी होती, भाऊ खुर्चीच्या टोकावर. माझ्या हातातली मुसळी थांबली होती.

"हे तर माझी सासू खोकल्याला द्यायची," माजीसा म्हणाली. "ओलं असतं तर तुला उठवलं असतं. वाळलेलं चालेल. ठेच."

मी ठेचायला घेतलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. गवती चहाचा, कच्च्या मिरचीचा, आणि त्याखाली तळल्याचा. नारळ तळल्याचा. मी मुसळी टाकून आत धावले.

भगोन्यात घट्ट दूध होतं. सगळ्यात आधी तेच घातलं होतं, सगळ्यात मोठ्या आचेवर. ते पूर्ण फुटलं होतं, त्यात मसाला रटरटत होता आणि कडेनं हिरवंगार तेल सुटलं होतं. अक्का शांतपणे उलथनं फिरवत होती.

"अक्का, काय केलंत हे?" माझा आवाज बाहेर गेला असणार. "काय सांगितलं होतं मी? फुटलं ना सगळं."

"फुटनं नही," अक्का म्हणाली. "तेल सुटनं. तेल सुटत नही तोवर मसाला कच्चा. तुनी सासूनी तुले हाई सांगं नही का?"

सांगितलं होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सांगितलं होतं. खानदेशात बाई पहिल्यांदा भाजी करते तेव्हा कुणी मीठ बघत नाही, वर तेलाची तर्री आली की नाही ते बघतात. तर्री नसेल तर बाईनं मसाल्याला वेळ दिला नाही असं समजतात. चाळीस वर्षं अक्कानं तर्रीशिवाय भगोनं उतरवलं नव्हतं, आणि माझ्या तीनदा बजावण्यानं ती आज उतरवणार नव्हती. मला रडू आलं. रागाचं होतं ते. दुसरा नारळ फोडायला वेळ नव्हता, सूर्य कुणासाठी थांबणार नव्हता. मी ओट्याला पाठ टेकून उभी राहिले आणि कनात डोळ्यांपुढं आली, तिच्यामागची चूल आणि तिच्यामागं मी.

अक्कानं पातळ दूध ओतलं, केळी घातली, गिलकी घातली. माझ्याकडे न बघता.

मुलगी आत आली. ती भगोन्यापाशी गेली, वाकली आणि तशीच राहिली. मी म्हणाले, "बेटा, थोडं चुकलं आहे."

"काय चुकलं?" ती म्हणाली. "काकू, तिथं असंच असतं. असंच हिरवं तेल वर. मी इथं चार हॉटेलांत खाल्लं, कुठंच नव्हतं हे. तुम्हाला कसं माहीत?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्का मीठ चाखत होती.

मग मला ती म्हातारी थाई बाई आठवली. तिच्या प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला ती बराच वेळ कढईत काहीतरी नुसतं ढवळत बसायची. पांढरं काहीतरी. मला वाटायचं ही तयारी आहे, आणि मी बोटानं तो भाग पुढं सरकवायचे. ती नारळाचं घट्ट दूध फोडतच होती, तेल सुटेपर्यंत, आणि त्याच तेलात मसाला परतत होती. मी बोलणाऱ्यांवर विश्वास ठेवला आणि करणारीला पुढं ढकललं. अक्कानं तर तो व्हिडिओ पाहिलाही नव्हता.

माजीसानं आधी पपई खाल्ली, मग भातावर करी घेतली. भात संपवून पुन्हा करी घेतली, नुसतीच, वाटीत. बोटानं वाटीच्या कडेची तर्री पुसून घेतली. "पास्तावाल्याला फोन कर," ती मुलाला म्हणाली. "पुढची जागा सोडायला सांग."

भाऊ हसले. मी आत जाऊन अक्काच्या पाया पडले. ती म्हणाली, "पुरे वं, हात धू, हिरवा शे."

लग्न माघात झालं, जळगावच्या बाहेर एका लॉनवर. जेवणं चार वाजता सुरू व्हायची होती, सूर्यास्ताच्या आत पंगत उठायची म्हणून. मधोमध आमचं काउंटर. डावीकडे नाशिकवाल्याचा पास्ता, उजवीकडे चाट. टोपीवाला तोच. खानदेशात लग्न कुणाचंही असो, काउंटरला उभे राहणारे तेच चार जण असतात. मला पुढं बघून त्यानं एकदा कनातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दोन टोप्या घेऊन आला. "पुढं उभं राहायचं तर घालावी लागते," तो म्हणाला.

अक्कानं पदर डोक्यावरून नीट केला. "मना डोकावर जागा नही," ती म्हणाली, आणि त्याला बडगी उचलायला लावली.

आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि पपई ठेचायला घेतली. एक मुसळी तिची, एक माझी, भरिताच्या वेळी अक्का धरते तोच ठेका. लाकडावर लाकूड वाजायला लागलं तशी पास्त्यापुढची माणसं वळली. धान्य बाजारातले लोक, यावलकडचे केळीवाले शेतकरी, सुरतेचे पाहुणे. एका शेतकरी आबांनी करी तोंडात घातली, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "केळी आमनी, बाकी कोना काय माहीत." पण ते तिथून हलले नाहीत. नवरी वरमाला घालून होताच तिच्या मैत्रिणींना ओढत घेऊन आली. ओळ चाटच्या काउंटरपर्यंत गेली, मग तिच्या पलीकडे. नाशिकवाला स्वतः वाटी घेऊन आला, चमच्यानं वरचं तेल बाजूला सारून बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, हे दूध न फाटता तेल कसं आणलंत?"

"फाटू दिलं," मी म्हणाले. "यांना विचारा." आणि अक्काकडे बोट केलं. अकरा वर्षांत कुणाला काही विचारायचं असेल तर आमच्याकडे बोट करावं लागेल असं कधी झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी तो लपवलाही नाही. मोठ्यानं हसले.

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भात नको, याच्याबरोबर भाकरी मिळेल का? गरम."

"आणते," म्हणून मी मागं गेले, कनात बाजूला केली आणि आत पाय टाकला.

चूल धगधगत होती. पिंपळनेरच्या दोघी बहिणी घामानं भिजल्या होत्या. धाकटी थापत होती, थोरली शेकत होती, शेजारी भाकऱ्यांची चवड. त्यांच्यापर्यंत बाहेरचा आवाज येत होता, पण दिसत काही नव्हतं. थोरलीनं मला बघून विचारलं, "ताई, लोक काय म्हणतात? चाललं का आपलं?"

आपलं, असं ती म्हणाली. मी तासभर पुढं हसत उभी होते आणि मला यांची आठवण भाकरी हवी झाली तेव्हा आली. टोपीवाल्यानं मला जिथं बसवलं होतं तिथंच मी यांना बसवलं होतं, आणि मला ते दिसलंही नव्हतं. मला माझी लाज वाटली, अगदी चुलीसमोर उभ्या उभ्या.

मी भाकरी उचलली नाही. कनातीच्या बांबूपाशी गेले आणि दोरीची गाठ सोडायला लागले. गाठ ओली होती, दातानं ओढली.

टोपीवाला धावत आला. "अहो ताई, काय करता? धूर येईल पाहुण्यांवर."

"येऊ द्या," मी म्हणाले. "या काउंटरची भाकरी इथं होते. लोकांना दिसू दे."

तो उभा राहिला. मला वाटलं भाऊंना बोलावणार. त्यानं टोपी काढली, काखेत धरली आणि पलीकडच्या बांबूची गाठ सोडायला घेतली. त्याची बोटं माझ्यापेक्षा चपळ निघाली.

कनात खाली आली. पुढचे लोक आणि मागची चूल एकदम समोरासमोर झाले. धाकटीनं पदर सावरला, वर बघितलं, आणि हातातली भाकरी थापत राहिली, फक्त जरा ताठ बसून. मग ते म्हातारे गृहस्थ ताट घेऊन थेट चुलीपाशीच आले. त्यांच्यामागं दुसरा आला. बघता बघता अर्धी ओळ चुलीकडे वळली. धूर आला, डोळे चोळले, पण कुणी हललं नाही.

माजीसानं आपली खुर्ची उचलून चुलीजवळ ठेवायला लावली. सूर्य अजून दोन हात वर होता. तिनं तव्यावरची भाकरी मागून घेतली, हिरव्या तर्रीत बुडवली आणि थोरलीला तिचं गाव विचारलं.

अक्का कमरेवर हात ठेवून माझ्याशेजारी उभी होती. "आते बठ्ठं दिसस," ती म्हणाली.

मी डोळे पुसले, धूर होताच, आणि पुढच्या माणसाचं ताट हातात घेतलं.